जुन्या मराठी कॅसेटी, लॉट

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षी चारुशीलाबाईंनी मागच्या खोलीतली पोती विकायला काढली. पोत्यांत कॅसेटी होत्या. सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या घराची ती खोली पोत्यांनी निम्मी अडवली होती, आणि सासूबाईंची कॉट, तिच्यावरची हवेची गादी, ती फुगवणारं घरघरणारं यंत्र, कमोडची खुर्ची हे सगळं कुठंतरी मांडायला हवं होतं. म्हणून पोती जायला हवी होती, एवढंच.

कॅसेटी त्यांचे यजमान विष्णुपंत सहस्रबुद्धे यांच्या. गणपती पेठेजवळ त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. एके काळी गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत तिथं उभं राहायला जागा नसे. पुढं सीडी आल्या, मग मोबाइल आले, आणि काउंटरवर चार्जर, मोबाइलची कव्हरं असं काहीबाही दिसायला लागलं. एकोणीसच्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. ओसरल्यावर विष्णुपंतांनी खालच्या फळ्यांवरचा चिखल झालेला माल फेकला, मधला भिजलेला आणि वरचा कोरडा माल एकत्रच पोत्यांत कोंबला, टेम्पोत घातला आणि घरी आणून टाकला. त्यानंतर त्यांनी पोत्यांना हात लावला नाही. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे ते दिवाणजी म्हणून जाऊ लागले. दुकानाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जात.

विकायचं कसं, हे चारुशीलाबाईंना शेजारच्या बाईंनी दाखवलं. जुन्या वस्तू विकायचं एक ॲप असतं, त्यावर फोटो टाकायचा, चार शब्द लिहायचे, फोन येतात. सासूबाईंना कुशीवर वळवून पावडर लावली, की पुढच्या वळवण्यापर्यंत जो मोकळा वेळ मिळे त्यात त्या फोटो काढत. पहिले काही दिवस त्यांनी एकेक कॅसेट पुसून खिडकीत ठेवून फोटो काढला. खाली लिहिलं, 'जुनी मराठी कॅसेट. चांगली आहे.' दुसऱ्या कॅसेटखालीही तेच, तिसरीखालीही तेच. फोन आले ते फार विचित्र. एकाला कॅसेट नको होती, टेपरेकॉर्डर हवा होता. एकानं किंमत विचारली आणि ऐकल्यावर हसून फोन ठेवला. कुणी नुसतंच 'आहे का?' असं लिहून गायब झालं.

मग त्या दमल्या. पोतं जमिनीवर उपडं करायचं, हाताला लागतील तेवढ्या कॅसेटी रांगेत लावायच्या, वरून एक फोटो काढायचा आणि लिहायचं, 'जुन्या मराठी कॅसेटी, लॉट.' असे फोटो त्यांनी बरेच टाकले. कव्हरांवर नावं होती, गावं होती, पण ती बघून लिहायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. चष्मा लावायचा, डोकं खाली घालायचं, बोटानं एकेक अक्षर टिपायचं, आणि तेवढ्यात आतून हाक यायची.

शेवटी साताऱ्याहून ऋषिराज नावाच्या एका तरुणाचा फोन आला. हायवेलगत तो नवीन कॅफे काढत होता आणि एक आख्खी भिंत कॅसेटींनी सजवायची म्हणत होता. "कुठल्या आहेत, वाजतात का, काही फरक पडत नाही काकू. फक्त भरपूर पाहिजेत," तो म्हणाला. स्वतः गाडी घेऊन आला, फोटोंतली दोन मोठी पोती उचलून घेऊन गेला. खोलीत फरशी दिसली. त्या दिवशी चारुशीलाबाईंनी ती फरशी फिनेलनं पुसली आणि तिथंच पाय पसरून थोडा वेळ बसून राहिल्या. संध्याकाळी विष्णुपंतांनी खोलीत डोकावून बघितलं.

"गेल्या?"

"गेल्या. दोन पोती. बाकीच्या आहेत अजून."

"बरं झालं," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

ॲपवरच्या जाहिराती काढून टाकायला हव्या होत्या. त्या राहूनच गेल्या.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी फोन वाजला. चारुशीलाबाई सासूबाईंना पेज भरवत होत्या. एका हातात चमचा, खांद्याला मान लावून फोन.

"आवं काकू, ती फोटूतली कॅसेट हाय न्हवं अजून?"

"कुठली? त्या सगळ्या गेल्या."

"गेल्या? मग जाहिरात कशी दिसतीया?"

"काढायची राहिली. गेल्या त्या, साताऱ्याला."

 पलीकडं यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "डाव्या अंगाला, खालनं दुसरी. चार बायकांचा फोटू हाय बगा कव्हरवर. त्यातली कडंची माझी आई."

त्याचं नाव धुळा. जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरचं त्याचं गाव, आणि कुपवाडला एका फाउंड्रीत तो कामाला होता. त्याची आई बनुबाई बिरोबाच्या ओव्या म्हणायची. तरुणपणी मिरजेच्या कुठल्याशा लहान कंपनीनं तिची आणि तिच्याबरोबरच्या बायकांची एक कॅसेट काढली होती. धुळा तान्हा असतानाच घरातली कॅसेट कुणीतरी लग्नात वाजवायला म्हणून नेली, ती परत आली नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बनुबाई गेली. तिचा आवाज कुणाच्याच मोबाइलमध्ये नव्हता.

"तवापास्नं हुडकतोय बगा," धुळा म्हणाला. "बनुबाई लिवलं, बिरोबाच्या ओव्या लिवलं, जत लिवलं, इंग्रजीत लिवलं. कायबी येत न्हाई. काल रिकामा बसलोवतो, जुनं टेप बगत बगत खाली गेलो तर ह्यो फोटू. आधी खरंच वाटंना. मोठ्ठा करून बगितला. तिचं नाव हाय की कव्हरवर, खाली. तुमी तेवढं लिवलं असतं तर मला कवाच घावली असती."

तो तक्रार करत नव्हता. पण चारुशीलाबाईंना राग आला. पेज गार होत होती, सासूबाई तोंड मिटून घेत होत्या, आणि हा कुठला कोण माणूस त्यांनी काय लिहायला हवं होतं ते सांगत होता. "माझ्या घरात माणूस अंथरुणावर आहे हो," त्या जरा तोडूनच बोलल्या. "मी एकेकीचं नाव कुठं लिहीत बसू?"

"व्हय, व्हय काकू. बरोबर हाय तुमचं," धुळा घाईनं म्हणाला. "साताऱ्याचा नंबर तेवढा दिला तर..."

नंबर त्यांनी दिला, कॅसेटी आपल्या बंद झालेल्या दुकानातल्या होत्या हेही सांगितलं. फोन ठेवल्यावर उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं, भांडं घासलं. मग ॲप उघडून तो फोटो शोधला. डाव्या बाजूला, खालून दुसरी. बोटांनी ताणून मोठा केला तेव्हा चार बायका दिसल्या, डोईवर पदर, कॅमेऱ्याकडं रागावून बघत असल्यासारख्या. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बनुबाई आणि संच'. अक्षरं चांगली ठळक होती. चष्म्याशिवायसुद्धा वाचता आली असती.

धुळाचा पुन्हा फोन आला. ऋषिराज त्याला म्हणाला होता, की कव्हरं सगळी काढून टाकली, नुसत्या कॅसेटी भिंतीला चिकटवल्या आहेत, त्यांतली कुठली कुठली हे मला कसं कळणार, वाटल्यास येऊन बघा. धुळाला त्यातलं काय बघायचं ते कळत नव्हतं. "तुमी वळखाल व्हय काकू? तुमच्या दुकानातल्या हायत्या..."

चारुशीलाबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या म्हणाल्या, "रविवारी बघते."

रविवारी विष्णुपंतांना सुट्टी असे. चारुशीलाबाई सासूबाईंचं सगळं त्यांना समजावून सांगत होत्या तेव्हा विष्णुपंतांनी विचारलं, "तू कशाला जातेस? फोनवर सांग."

"फोनवर काय सांगू? मला तरी कुठं ओळखू येणार आहे?"

"मग?"

"माहीत नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि पिशवीत पाण्याची बाटली टाकून निघाल्या.

सांगलीच्या स्टँडवर धुळा आधीच येऊन थांबला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, हातांवर भट्टीच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. त्यानं खिडकीची जागा धरून ठेवली होती. गाडी कराडपर्यंत पोचेस्तोवर चारुशीलाबाई झोपल्या. कितीतरी महिन्यांत त्या दिवसा झोपल्या नव्हत्या. जाग आली तेव्हा धुळानं त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली होती.

कॅफेत गर्दी होती. भिंत खरोखरच आख्खी भरली होती. जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटी, एकीला एक लागून, मधून दिव्यांच्या पिवळ्या माळा. लोक तिच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. चारुशीलाबाई नुसत्या बघत राहिल्या. कंपन्यांच्या छापील कॅसेटींवरची नावं वाचता येत होती, पण पुरात भिजलेल्या कॅसेटींवर कागद उरला नव्हता किंवा उरला होता तो कोरा होता.

"आता?" धुळानं विचारलं.

त्यांनी घरी फोन लावला. मागं गादीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"अहो, मिरजेची एक कंपनी होती बघा, ओव्या, जत्रेची गाणी काढायची. त्यांच्या कॅसेटी कशा असायच्या?"

पलीकडं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग विष्णुपंत म्हणाले, "स्वस्तातल्या असायच्या. स्क्रू नसायचे. कडेनं चिकटवूनच टाकलेल्या. उघडता यायच्या नाहीत, त्यामुळं गिऱ्हाईक परत आणून आपटायचं. राखाडी रंगाच्या. वर कागदसुद्धा नसायचा, नाव काय ते कव्हरावरच."

राखाडी, बिनस्क्रूच्या. धुळा खालच्या रांगांपासून बघू लागला, चारुशीलाबाई मधल्या. टेबलांवर बसलेल्या पोरापोरींना वाकून, माफ करा म्हणत म्हणत. वरच्या रांगांसाठी ऋषिराजनं शिडी आणून दिली. तसा तो वाईट मुलगा नव्हता. पण कॅसेटी काढायच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"काकू, प्लास्टर निघेल हो त्याच्यासकट. आत्ताच रंग दिलाय."

"मी दुसऱ्या पाठवते तेवढ्या. आहेत घरी."

"तसं नाही, भिंत..."

धुळा शिडीवरून खाली उतरला. "दादा," तो म्हणाला, "माझी आई गेलीया. तिचा आवाज हाय ह्येच्यातल्या एकीत. भिंत मी बुजवून देतो. मला जमतंय गवंडीकाम."

ऋषिराजनं एकदा भिंतीकडं बघितलं, मग आतून पत्र्याची पट्टी आणून धुळाच्या हातात दिली.

तशा कॅसेटी मूठभरच निघाल्या. दोन काढताना फुटल्या, आतल्या फिती लोंबायला लागल्या. धुळानं त्या तशाच रुमालात गुंडाळल्या. कव्हरांचं विचारलं तर ती सफाईवाल्यांच्या गाडीत केव्हाच गेली होती. परतीच्या गाडीत धुळा खिडकीकडं तोंड करून बसला होता. एकदाच म्हणाला, "ह्येच्यात नसली तर?"

"नसली तर नसली," चारुशीलाबाई म्हणाल्या. 

घरी आल्यावर त्या आधी सासूबाईंकडं गेल्या. चादर ओली होती. ती बदलली, पाठ पुसली, मग बाहेर आल्या. विष्णुपंतांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर जुना प्लेअर, ब्लेड, बारीक कात्री, चिकटपट्टी. माळ्यावरून हे सगळं त्यांनी कधी काढलं कुणास ठाऊक. धुळाला त्यांनी खुर्ची दाखवली आणि पहिली कॅसेट हातात घेतली.

काम किचकट होतं. चिकटवलेलं कवच ब्लेडनं कडेकडेनं उकलायचं, आतली फीत दुसऱ्या स्क्रूच्या कॅसेटीत बसवायची. फितीवर बुरशीची पांढरी पूड होती. ती मऊ कापडानं पुसताना विष्णुपंत धुळाकडं पाठ करून बसले. पहिल्या कॅसेटीत पुरुषांचं भजन निघालं. दुसरीत कन्नड गाणी. तिसरीतून नुसतीच खरखर आली. रुमालातल्या फुटक्या दोन राहिल्या.

त्यातल्या एकीची फीत तुटली होती. जोडून लावली तर आधी खूप वेळ घुं घुं असा आवाज झाला, आणि मग एकदम बायका ऐकू आल्या. एक बाई ओवी उचलायची, बाकीच्या मागून धरायच्या. बिरोबाचं नाव येत होतं, मेंढरांचं, पाण्याचं. चारुशीलाबाईंनी धुळाकडं बघितलं.

तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाला, "न्हाई वाटत."

"नीट ऐका," विष्णुपंत म्हणाले.

"ऐकतोय की. आवाज लय बारीक हाय. आई आमची जाड आवाजाची. ही कुणीतरी पोरगी हाय."

विष्णुपंतांनी बटण दाबून कॅसेट थांबवली.  आतून सासूबाईंनी खोकून हाक मारली, पण चारुशीलाबाई उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात तुमच्याहून मोठं कुणी आहे का?"

धुळाची थोरली बहीण शालूबाई म्हसवडला दिलेली होती. त्यानं तिला फोन लावला, काय चाललंय ते दोन शब्दांत सांगितलं आणि फोन प्लेअरजवळ धरला. विष्णुपंतांनी बटण दाबलं. ओवी पुन्हा सुरू झाली. ती संपायच्या आतच फोनमधून शालूबाईंचा आवाज आला, रडवेला, पण घाईचा, कुणी थांबवेल की काय अशा भीतीनं बोलल्यासारखा.

"आरं धुळा, आई हाय रं. आईच हाय. तू झाला नव्हतास तवाचा आवाज हाय ह्यो. बंद करू नगंस."

धुळानं फोन तसाच धरून ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना, तो गोंधळल्यासारखा झाला होता. ज्या आवाजाला तो एवढे दिवस शोधत होता, तो त्यानं आयुष्यात कधी ऐकलेलाच नव्हता. फीत एका बाजूची थोडी वाजली आणि पुढं खरखरत गेली. दुसरी बाजू काहीच वाजली नाही. विष्णुपंतांनी वाजणारा भाग दोनदा मोबाइलवर उतरवून घेतला, एकदा धुळाच्या आणि एकदा आपल्या.

जाताना धुळा दोघांच्या पाया पडला. किती द्यायचं असं त्यानं विचारल्यावर चारुशीलाबाईंनी नुसतं डोकं हलवलं. पुढच्या आठवड्यात तो सुट्टी काढून साताऱ्याला गेला आणि भिंत बुजवून आला.

मागच्या खोलीत अजून पोती होती. चारुशीलाबाईंनी ॲपवरच्या 'लॉट'च्या सगळ्या जाहिराती काढून टाकल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीही काही फार उत्साहानं नव्हे. दमणूक होती तशीच होती. पण आता एखादी कॅसेट हातात आली की धुळानं काय काय लिहून शोधलं होतं ते त्यांना आठवे. त्यानं कॅसेटचं छापील नाव एकदाही लिहिलं नव्हतं, ते त्याला माहीतच नव्हतं. त्यानं आईचं नाव लिहिलं होतं, देवाचं, तालुक्याचं. म्हणून त्या आता कव्हरावर असेल तेवढं सगळं लिहायच्या. गाणाऱ्याचं नाव, मागं साथ करणाऱ्यांची नावं, गाव, जत्रा कुठली, देव कुठला. आधी मराठीत, मग तेच इंग्रजी अक्षरांत, लोक जसं वेडंवाकडं लिहितात तसं दोन-तीन तऱ्हांनी. फोटो एकाच कॅसेटचा, कव्हर सरळ धरून, सावली न पडू देता. एक कॅसेट लिहून होईपर्यंत अर्धा मोकळा वेळ जाई. एखाद्या दिवशी एकच होई, एखाद्या दिवशी एकही नाही.

कव्हर नसलेल्या कॅसेटींचं काय करायचं, हे त्यांनी विष्णुपंतांना विचारलं.

"ऐकायला लागतील," ते म्हणाले.

"मग ऐका ना. रविवारी."

"रविवारी माणसानं झोपावं," असं ते म्हणाले खरे, पण त्या रविवारी सासूबाईंच्या कॉटशेजारी प्लेअर मांडून बसले. सासूबाईही ऐकत पडायच्या. कधीमधी त्यांना एखादं गाणं ओळखू यायचं, बहुतेकदा चुकीचं.

फोन यायला लागले. पूर्वीपेक्षा वेगळे. एस्टीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आपल्याच भजनी मंडळाची कॅसेट घेऊन गेले. पुण्यातली एक मुलगी आजोबांच्या पोवाड्याची कॅसेट पोस्टानं मागवून घेऊन मग म्हणाली, की आमच्याकडं लावायला काहीच नाही, तुम्हीच मोबाइलवर उतरवून पाठवा. काही जण फोनवरच दोन मिनिटं ऐकवा म्हणत, ऐकत, नाक ओढत आणि घेत नसत. चारुशीलाबाईंना सगळ्यांना उत्तरं द्यावी लागत. पोती म्हणावी तशी हलत नव्हती. कॉटच्या पायथ्याशी अजून दोन उभी होती आणि कमोडची खुर्ची नेताना त्यांना वळसा घालावा लागे.

श्रावणात एक कॅसेट निघाली. कव्हर नाही, कागद नाही, एकटीच बाई गात होती, साथीला काही नाही. विष्णुपंतांना ओळखता येईना. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ऐकली, थांबवून थांबवून. मग चारुशीलाबाईंनी सासूबाईंना वळवलं, हात धुतले, चष्मा लावला आणि लिहायला बसल्या.

'बाईचा आवाज. नाव माहीत नाही. बहुतेक माण-म्हसवडकडची बोली. एका गाण्यात मथुऱ्या नावाच्या बैलाचा उल्लेख. एका गाण्यात विहीर खणल्याची गोष्ट, धाकट्या दिराचं नाव जोतीराम. मध्ये एकदा लहान मूल रडतं आणि बाई गाणं थांबवून त्याला गप्प करते.'

तेच त्यांनी इंग्रजी अक्षरांतही लिहिलं. बैलाचं नाव कसं कसं लिहितील याचा थोडा विचार केला आणि सुचल्या त्या तीन तऱ्हा घातल्या. किमतीच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'फोन करा' लिहिलं.

तिच्यासाठी अजून कुणाचा फोन आलेला नाही.